लोकलेखा समिती : जाब विचारण्याची शंभर वर्षे

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांच्या पुस्तकात ३०८ आणि ३०९ हे दोन नियम लोकलेखा समितीचे आहेत. सदस्य किती, ते निवडायचे कसे आणि त्यांनी काय तपासायचे, एवढे त्यांत सापडते. खर्च झालेला पैसा त्या कामासाठी कायद्याने उपलब्ध होता का, ज्याला अधिकार होता त्यानेच तो खर्च केला का, एका कामाचा पैसा दुसरीकडे वळवला असेल तर नियमाने वळवला का, हे समितीने पाहायचे. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हे मात्र त्या नियमांत कुठेही लिहिलेले नाही. बैठकीला येताना पक्ष बाहेर ठेवून यावे, हेही नाही. मंत्रालयांना या समितीचा जो वचक वाटतो, त्यामागच्या बऱ्याचशा गोष्टी अशा अलिखित आहेत. माणसांनी त्या पाळल्या म्हणून त्या टिकल्या. लेखापरीक्षण खात्यात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला या समितीविषयी जिव्हाळा आहे, कारण आम्ही लिहिलेल्या आक्षेपांची दखल लोकप्रतिनिधी घेत ती याच ठिकाणी. म्हणून हा इतिहास लिहिताना नियमांपेक्षा संकेतांकडे माझे लक्ष अधिक आहे.

हिशेब मागण्याची आच समितीहून जुनी आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये लंडनला साक्ष द्यायला गेलेल्यांत दिनशा वाच्छा आणि जेमतेम तिशीचे गोपाळ कृष्ण गोखले होते. १९०२ मध्ये गोखले केंद्रीय कायदे कौन्सिलात पोचले. तेथे अर्थसंकल्पावर भाषण करता येई, मत देता येत नसे. एकही रुपया कमी करण्याचा अधिकार हाती नसताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. दुष्काळाने रयत पिचलेली असताना तिजोरीत शिल्लक कशी पडते आणि मिठावरचा कर कमी का होत नाही, हा त्यांचा पहिल्याच भाषणातला सवाल होता. पुढच्या वर्षी मिठाचा कर उतरला. अधिकार नसला तरी आकडे पक्के असले की बोलण्याला वजन येते, हा धडा पुढे समितीच्याही उपयोगी पडला.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळाची लोकलेखा समिती अस्तित्वात आली. ब्रिटनमध्ये अशी समिती ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने १८६१ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा तिकडे रुजली होती. इकडे मात्र अध्यक्ष होते सरकारचे अर्थसदस्य. पहिले अध्यक्ष माल्कम हेली. समितीचे चिटणीसपदाचे कामही अर्थखात्याकडेच. ज्यांच्या सहीने पैसा जायचा तेच खर्चाच्या तपासणीचे प्रमुख, अशी ही रचना होती. शिवाय लष्करासह मोठा खर्च विधिमंडळाच्या मतदानाबाहेर ठेवलेला होता.

तरीही त्या काळाला क्षुल्लक समजणे मला योग्य वाटत नाही. समितीत निवडून आलेल्या बिनसरकारी सदस्यांचे बहुमत होते आणि खात्याच्या प्रमुखांना समोर येऊन उत्तरे द्यावी लागत. विधिमंडळात तारांकित प्रश्नाला उत्तर देताना वेळ मारून नेता येते, एका ओळीत विषय संपवता येतो. समितीत तसे जमत नाही. तेथे महालेखापरीक्षक बसलेले असतात, कागद उघडे असतात आणि एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो. आयसीएस अधिकाऱ्याने हिंदी लोकप्रतिनिधीच्या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर द्यायचे, ही सवय देशाच्या प्रशासनाला स्वातंत्र्याच्या आधीच लागली. स्वातंत्र्यानंतर ती नव्याने लावावी लागली नाही.

राज्यघटना लागू झाली आणि १९५० मध्ये समितीचे रूप पालटले. मंत्र्याला सदस्य होता येणार नाही, एखादा सदस्य मंत्री झाला तर त्याचे सदस्यत्व संपेल, असे ठरले. समिती अर्थखात्याच्या छायेतून निघून सभापतींच्या देखरेखीखाली आली आणि तिचे कामकाज संसदेच्या सचिवालयाकडे गेले. तेव्हा सभापती होते गणेश वासुदेव मावळंकर. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, पण घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद सांभाळल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. संसदेच्या समित्या म्हणजे सभागृहाचेच छोटे रूप आहे आणि तेथे पक्षाचा आदेश चालू नये, हा त्यांचा आग्रह होता. समित्यांच्या कामाचे वळण त्यांनी पहिल्या काही वर्षांतच घालून दिले. अंदाज समिती त्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, सुरू झाली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहणारी आश्वासन समिती डिसेंबर १९५३ मध्ये आली. सार्वजनिक उपक्रमांची वेगळी समिती १९६४ मध्ये झाली.

घटना समितीत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत मांडले होते. कलम १४८ मध्ये त्याला न्यायाधीशासारखे संरक्षण मिळाले आणि कलम १५१ नुसार त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येऊ लागले. पण लेखापरीक्षकाला आक्षेप नोंदवता येतो, कोणाला बोलावून जाब विचारता येत नाही. समितीला जाब विचारता येतो, पण देशभरची दप्तरे उलगडून पाहणे तिच्या आवाक्यातले नाही. दोघे एकमेकांवाचून अपुरे आहेत. म्हणून समितीच्या बैठकीला महालेखापरीक्षक हजर असतात आणि साक्षीदार आत येण्यापूर्वी सदस्यांना विषयाची नस समजावून देतात.

सदस्य आरंभी १५ होते, सगळे लोकसभेचे. १९५४ पासून राज्यसभेचे ७ सदस्य त्यांना जोडले गेले. पैशावरचा अधिकार लोकसभेचा, मग राज्यसभेने यात का यावे, असा वाद तेव्हा रंगला होता. पंडित नेहरूंनी मधला मार्ग काढला. राज्यसभेचे सदस्य आले, पण समिती लोकसभेचीच राहिली. निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होते, त्यामुळे सभागृहातल्या पक्षबळाचे प्रतिबिंब समितीत पडते. मुदत फक्त एका वर्षाची. विषय समजून घेण्यात निम्मे वर्ष जाते आणि प्रश्नांना धार येते तोवर मुदत संपत आलेली असते. ही मुदत वाढवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

नव्या समितीची पहिली मोठी कसोटी जीप खरेदीची. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कार्यालयाने जीपगाड्यांचा करार केला. कार्यपद्धती बाजूला सारली गेली होती आणि जो माल आला तो कामाचा नव्हता. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. समितीने कडक ताशेरे ओढले आणि चौकशीचा आग्रह धरला. सरकारने १९५५ मध्ये प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात गेले. समितीची मर्यादा येथे प्रथम उघडी पडली. ती शिफारस करते, शिक्षा करू शकत नाही. पण तिने नोंदवलेले सरकारला पुसता आले नाही. प्रकरण बंद झाल्यानंतर इतक्या वर्षांनीही जीप खरेदी म्हटले की काय घडले ते लोकांना आठवते.

१९६७ पर्यंत अध्यक्ष काँग्रेसचेच होते. ते सारे लेचेपेचे होते असे समजू नये. महावीर त्यागी किंवा आर. आर. मोरारका यांच्यासारख्या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांच्या काळातही मंत्रालयांना झोंबणारे अहवाल निघाले. पण १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा २८३ वर आल्या आणि सभागृहाची हवा बदलली. स्वतंत्र पक्ष ४४ जागांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला होता. सभापती नीलम संजीव रेड्डी यांनी त्या पक्षाचे मिनू मसानी यांची लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदी नेमणूक केली. मसानी मुंबईचे, १९४३ मध्ये मुंबईचे महापौर राहिलेले, आर्थिक प्रश्नांवर ठाम मते असलेले. या नेमणुकीसाठी नियम बदलला गेला नाही, ठराव झाला नाही. पायंडा पडला आणि तो आजतागायत चालू आहे. त्यानंतर सरकारे आली आणि गेली, प्रचंड बहुमताची आली, कडबोळ्यांची आली. पण या खुर्चीवर विरोधी बाकांवरचा माणूस बसतो, हे सगळ्यांनी मानले.

मसानींनंतर अटलबिहारी वाजपेयी आले. पुढे द्रमुकचे एरा सेळियन, मार्क्सवादी ज्योतिर्मय बसू, कम्युनिस्ट हिरेन मुखर्जी, जनता राजवटीत पी. व्ही. नरसिंह राव. विचारांची इतकी टोके क्वचितच एका खुर्चीवर लागोपाठ बसली असतील. वाजपेयी आणि बसू हे दोन माजी अध्यक्ष आणीबाणीत स्थानबद्ध झाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी वाजपेयी पुन्हा अध्यक्ष झाले, तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव होते. एकेकाळी समितीच्या अध्यक्षपदावरून जाब विचारणाऱ्या माणसाच्या सरकारकडे आता दुसरा माजी अध्यक्ष जाब विचारत होता. महाराष्ट्राच्या वाट्यालाही हे पद आले. उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक १९९५-९६ मध्ये अध्यक्ष होते आणि बीडचे गोपीनाथ मुंडे २०१० मध्ये काही महिने. मुंडे आले ते जसवंत सिंह यांच्या जागी. जसवंत सिंहांना त्यांच्या पक्षाने ऑगस्ट २००९ मध्ये काढून टाकले, अध्यक्षपद सोडा असेही सांगितले. काही काळ ते पदावर राहिले, डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षपद सभापतींच्या नेमणुकीने मिळते की पक्षाच्या मर्जीने टिकते, हा प्रश्न त्या काळात उभा राहिला आणि उत्तर न मिळताच मागे पडला.

१९९३ साली संसदेने समित्यांचे जाळे विस्तारले. लातूरचे शिवराज पाटील तेव्हा लोकसभेचे सभापती होते. विभागनिहाय १७ स्थायी समित्या त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. शिक्षण, आरोग्य, शेती, रेल्वे अशा प्रत्येक खात्याच्या मागण्या आणि विधेयके तेथे तपासली जातात. लोकलेखा समितीचे काम त्यानंतरचे, म्हणजे पैसा खर्च झाल्यावरचे. झाले गेले उकरून काय मिळवता, असे विचारणारे नेहमी भेटतात. त्यांना मी एका पॅऱ्याचा प्रवास सांगतो.

लेखापरीक्षणाचे पथक एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात जाते. साठा नोंदवहीत क्ष-किरण यंत्राची नोंद असते, बिल अदा झालेले असते. यंत्र मात्र खोक्यात असते, कारण खोलीला पुरेशा दाबाची वीज नाही किंवा चालवणारा तंत्रज्ञ नेमलेला नाही. पथक हाफ मार्जिन काढते. अर्ध्या कागदावर आक्षेप लिहायचा, उरलेला अर्धा खात्याच्या उत्तरासाठी कोरा सोडायचा. उत्तर समाधानकारक नसेल तर तो आक्षेप तपासणी अहवालात जातो. रक्कम मोठी असेल, किंवा अशीच स्थिती अनेक ठिकाणी आढळली, तर त्याचा मसुदा परिच्छेद बनतो आणि खात्याच्या सचिवाकडे उत्तराला जातो. तेथेही निरसन झाले नाही तर तो अहवालात छापला जाऊन सभागृहापुढे येतो. ऑफिसच्या भाषेत 'पॅरा लागला'. समितीने तो विषय निवडला की सचिवालय प्रश्नावली तयार करते. यंत्र घेण्यापूर्वी विजेची पाहणी कोणी केली होती? तंत्रज्ञाचे पद मंजूर नसताना खरेदीला मान्यता कोणी दिली? हमीचा काळ खोक्यातच संपला का? लेखी उत्तरे येतात, मग सचिवांना साक्षीसाठी बोलावले जाते. बैठक बंद दाराआड होते, पण शब्दन् शब्द लिहून घेतला जातो. ते टिपण साक्षीदाराला तपासायला मिळते, बोललेले बदलायला नाही.

या साऱ्याला वर्षे लागतात. पण आक्षेप नोंदवल्यावर ज्या जिल्ह्यांत पथक गेलेच नव्हते तेथलीही खोकी उघडली जातात, हे मी पाहिले आहे. सचिवाला दिल्लीत उत्तर द्यायचे असते, म्हणून तो सगळ्या राज्यांकडून माहिती मागवतो. माहिती द्यायची म्हणून जिल्हा पाहणी करतो. तपासणीचा खरा लाभ येथे होतो आणि तो कुठल्याच अहवालात रुपयांत दिसत नाही. पाटबंधाऱ्यांचे मात्र असे लवकर सुटत नाही. केंद्राच्या वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रमावर २००४, २०१० आणि २०१८ असे पुन्हा पुन्हा अहवाल निघाले. त्या कार्यक्रमातला विदर्भाचा गोसीखुर्द प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. भूसंपादन, वनखात्याची परवानगी, पुनर्वसन, कालव्याच्या कामाचा दर्जा, कारणे तीच आणि आक्षेपही तेच. भंडारा-नागपूरच्या शेतकऱ्याला यातून पाणी लवकर मिळाले असे म्हणवत नाही. तरी कुठे अडले आणि कोणामुळे अडले याची सरकारी शिक्क्याची नोंद त्याच्या बाजूने उभी आहे.

समितीला कागद मागवण्याचा अधिकार आहे, पण देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल असे सांगून सरकार कागद नाकारू शकते. कारगिलच्या वेळच्या संरक्षण खरेदीवरचा लेखापरीक्षण अहवाल तपासताना केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल समितीने मागितला. मंत्रालयाने गोपनीयतेचे कारण पुढे केले. समितीने याबद्दलची नाराजी संसदेपुढे मांडली, त्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हते. मंत्र्यांनाही साक्षीला बोलावले जात नाही, सचिवच उत्तर देतात. डिसेंबर २०१० मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आपण होऊन समितीपुढे येण्याची तयारी दाखवली, ती या पार्श्वभूमीवर फार वेगळी घटना होती.

विषय दूरसंचार परवान्यांचा होता. महालेखापरीक्षकांनी १ लाख ७६ हजार कोटींच्या अनुमानित तोट्याचा आकडा दिला होता, संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून हिवाळी अधिवेशन वाया गेले होते आणि लोकलेखा समितीत डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखाली तपासणी चालू होती. मसुदा अहवाल बैठकीआधीच वर्तमानपत्रांत आला. २८ एप्रिल २०११ च्या बैठकीत २१ पैकी ११ सदस्यांनी तो फेटाळला. अध्यक्ष उठून गेल्यावर त्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष निवडले. जोशींनी मसुदा सभापती मीरा कुमार यांच्याकडे पाठवला, त्यांनी तो परत केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, तर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. मसुद्यात बरोबर किती आणि चूक किती, यावर आजही दोन्ही बाजू भांडतील. मला दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. या समितीच्या अहवालाला मतभेदाची टिपणी जोडण्याची सोय नाही, कारण तो एकमताने निघावा हीच अपेक्षा असते. त्या दिवशी सदस्य पक्ष बरोबर घेऊन आत आले, आणि ज्या विषयावर देशाला समितीचे म्हणणे सर्वाधिक हवे होते त्याच विषयावर ती मूक राहिली.

नंतरच्या वर्षांत काम पुन्हा रुळावर आले. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये के. व्ही. थॉमस यांच्या समितीने रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना बोलावून प्रश्न विचारले. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शताब्दी सोहळा झाला, तेव्हा अध्यक्ष अधीर रंजन चौधरी होते. देशभरच्या विधिमंडळांतल्या लोकलेखा समित्यांचे अध्यक्षही तेथे जमले. समितीचे अहवाल सभागृहात क्वचितच चर्चेला येतात, ही जुनी तक्रार शताब्दीनंतरही जशीच्या तशी आहे. वर्षातून निदान दोन अहवालांवर सभागृहात पूर्ण दिवस चर्चा व्हावी, असे ठरवायला घटनादुरुस्तीची गरज नाही. १९६७ मध्ये जसा पायंडा पडला तसा हाही पाडता येईल.

अहवाल दिल्यावर समितीचे काम संपत नाही. मंत्रालयाने सहा महिन्यांत केलेल्या कार्यवाहीचे टिपण द्यायचे असते, आणि त्यावर समिती आणखी एक अहवाल काढते. त्याची पाच प्रकरणे ठरलेली असतात. पहिल्यात समितीचे भाष्य, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या. चौथ्या प्रकरणात सरकारचे उत्तर न पटल्याने समितीने पुन्हा बजावलेल्या शिफारशी असतात आणि पाचव्यात ज्यांना अजून तात्पुरतेच उत्तर आले आहे अशा. हे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्या भागातली रेल्वे, धरण, रुग्णालय किंवा शाळेतला पोषण आहार यांविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर वाचकांनी ते उघडावेत आणि आधी चौथे प्रकरण वाचावे.